खाकीसाठी ठराविक डिग्री लागत नाही, मग अभ्यास कशासाठी?

पत्र

नमस्कार ताई. मी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाली, ६८ टक्के पडले. मला लहानपणापासून पोलिसात जायचंय, पीएसआय व्हायचंय. पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात 'क्रिमिनॉलॉजी आणि पोलीस प्रशासन' अशी तीन वर्षांची डिग्री आहे. फी वर्षाला १ लाख ४० हजार, होस्टेल वेगळं. तिथले सर फोनवर म्हणाले, ही डिग्री असली की पोलीस खात्यात पहिलं प्राधान्य मिळतं. माझे पप्पा स्वतः हवालदार आहेत, २६ वर्षं नोकरी झाली. ते म्हणतात, कर्ज काढून शिकवीन, पण खाकी अंगावर घालू देणार नाही. कारण विचारलं की उठून बाहेर जातात. आई म्हणते बीएस्सी कर, मग बीएड कर. माझी उंची १५६ सेंटिमीटर आहे. ही डिग्री घेऊ का? आणि पप्पांना कसं समजावू?

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. उंचीचा आकडा तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिला आहेस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुझं बरंचसं त्यावर ठरणार आहे. त्या फोनवरच्या सरांनी तो तुला विचारलाही नसेल.

एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तर मुलींना अनवाणी उंची किमान १५७ सेंटिमीटर लागते. तुझी १५६ आहे. घरी भिंतीला पाठ लावून, पेन्सिलनं खूण करून मोजली असशील तर ते माप धरू नकोस. सरकारी दवाखान्यात जा, उभ्या पट्टीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून नीट मोजून घे. एकदा सकाळी मोज आणि एकदा संध्याकाळी. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि उंची थोडी उतरते, कधी कधी सेंटिमीटरभरसुद्धा. मैदानावर तुझा नंबर कितीला लागेल ते तुझ्या हातात नसतं, म्हणून संध्याकाळचं माप खरं धर. तुझ्या वयात मुलींची उंची आता फारशी वाढत नाही. 'उंची वाढवा' म्हणून विकली जाणारी पावडर आणि पट्टे यांवर एक रुपयाही घालू नकोस.

माप १५७ भरलं तर पीएसआयची वाट मोकळी आहे. नाही भरलं तर थेट भरतीची ती वाट बंद आहे, आणि ते आजच कळलेलं बरं. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये चार-चार वर्षं काढून, पूर्व आणि मुख्य परीक्षा पास होऊन, शेवटी मापात न बसल्यानं परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातली एक माझ्यासमोर बसून रडली. तिच्या बुद्धीत, मेहनतीत काही कमी नव्हतं. चार वर्षांत तिला कुणी पट्टीपाशी उभं केलं नव्हतं, एवढंच.

पण सगळी खाकी १५७ वर अडत नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलींना १५५ सेंटिमीटर पुरतात आणि शिक्षण बारावी लागतं. यूपीएससीतून आयपीएस व्हायचं तर मुलींची किमान उंची १५० आहे. म्हणजे तुझी उंची मधल्याच दाराशी अडते, खालचं आणि वरचं दार उघडं आहे. वरचं दार फार अवघड आहे हे तुलाही माहीत असेल. शिपाई म्हणून लागून बढतीनं उपनिरीक्षकाच्या खुर्चीपर्यंत पोचलेले लोक तुझ्या पप्पांच्या ओळखीत असतील, त्यांना किती वर्षं लागली ते पप्पांनाच विचार.

आता डिग्रीचं बोलू. उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. बीए मराठी चालतं, बीएस्सी केमिस्ट्री चालतं, कृषीची पदवी चालते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मैदानावरची शारीरिक चाचणी आणि मग मुलाखत अशी ती उतरंड आहे. त्यात क्रिमिनॉलॉजीच्या पदवीला एकही जादा गुण नाही, कसलंही प्राधान्य नाही. शिपाई भरतीतही नाही. तिथं मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो आणि मग १०० गुणांची लेखी परीक्षा असते. तुला फोनवर जे सांगितलं गेलं ते खरं नाही. हवं तर त्या सरांना एवढंच म्हण, 'सर, हे कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या.' देणार नाहीत.

तीन वर्षांचे ४ लाख २० हजार नुसती फी होते. त्यावर पुण्यातलं होस्टेल, मेस, येणंजाणं. हवालदाराच्या पगारावर काढलेलं ते कर्ज असेल, आणि पप्पांची नोकरी किती उरली आहे तेही तुला ठाऊक आहे. एका खोट्या वाक्यासाठी ते डोक्यावर घेऊ नकोस.

मग हा विषय शिकूच नये का? शिकावा. मी २२ वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून तालुक्याच्या कोर्टात उभी राहिले आहे, आणि माझं अगदी मनापासून म्हणणं आहे की गुन्हा, पोलीस, पुरावा, कोर्ट आणि तुरुंग यांचा अभ्यास केलेली माणसं आपल्याकडे फार कमी आहेत, आणि त्याची किंमत साधी माणसं मोजतात. फक्त तो अभ्यास नोकरीचा पास म्हणून विकत घेऊ नकोस. तो कशाला लागतो, ते मी एका खटल्यावरून सांगते.

एक घरफोडीचा खटला होता. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं ४५७ आणि ३८०, आता भारतीय न्याय संहितेत ती ३३१ आणि ३०५ झाली आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची बोरमाळ चोरीला गेली होती. आरोपी पकडला गेला, त्यानं कोठडीत जागा दाखवायची तयारी दाखवली. त्याचं ते म्हणणं पंचांसमोर लिहून घेतलं, म्हणजे मेमोरेंडम पंचनामा झाला, आणि कडब्याच्या गंजीतून बोरमाळ निघाली. इतकं सरळ प्रकरण. आजी पिंजऱ्यात आल्या, मी खाकी कागदाचं पाकीट उघडून बोरमाळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा न लावता नुसती बोटं फिरवली आणि एका मण्यावर थांबल्या. म्हणाल्या, 'ही माझीच. हा मणी माझ्या नातवानं दात येताना चावलाय, बघा.' खरंच त्या मण्याला बारीक पोचा होता. कोर्टात सगळे शांत झाले.

मग तपासी अंमलदाराचा उलटतपास झाला. तरुण पीएसआय होता, चांगला मुलगा. आरोपीच्या वकिलांनी फक्त पाकीट पुढं केलं आणि विचारलं, 'यावर लाखेचं सील कुठंय?' सील नव्हतं. 'पंचांच्या सहीचं लेबल कधी लावलं?' लेबलवरची तारीख वेगळ्या शाईची होती, पंचनाम्याच्या तारखेच्या दोन दिवस नंतरची. 'दोन दिवस हा मुद्देमाल कुठं होता?' मुद्देमाल रजिस्टरमध्ये त्या दोन दिवसांची नोंद नव्हती. पंचांपैकी एक जण आधीच फितूर झाला होता. दुसरा पंच त्या ठाण्याच्या इतर खटल्यांतही पंच होता, तेही बाहेर आलं. आरोपी सुटला. आजींना बोरमाळ परत मिळाली, पण त्यांच्या घरात शिरलेला माणूस त्याच संध्याकाळी त्यांच्याच गल्लीतून गेला.

तो पीएसआय नंतर माझ्याकडं आला होता. त्यानं पैसे खाल्ले नव्हते, पुरावाही रचला नव्हता. बोरमाळ काढली त्या रात्री त्याला मिरवणुकीच्या बंदोबस्तावर धाडलं होतं, तिथून तो दोन दिवसांनी ठाण्यात परतला. तोवर पाकीट त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. आल्यावर त्यानं लेबल लावलं. त्याला वाटलं, वस्तू खरी आहे, आजींनी ओळखली आहे, मग शाईनं काय फरक पडतो? सील म्हणजे कारकुनी सोपस्कार, असंच तो मानत होता. वस्तू जप्तीच्या क्षणापासून कोर्टात उघडेपर्यंत कुणाच्या हातात होती, ही साखळी मध्ये एकदा तुटली की खरी वस्तूसुद्धा कायद्याच्या नजरेत संशयित होते. सील असायलाच हवं हे त्याला पाठ होतं, ते का असायला हवं हे मनात उतरलं नव्हतं. तुझा अभ्यास या 'का'साठी असेल तर माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

आणि हे 'का' आता जास्तच मोलाचं झालंय. १ जुलै २०२४ पासून तिन्ही मुख्य फौजदारी कायदे बदलले: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमानं ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला ५ वर्षांची मुदत दिली आहे. मोबाइलमधला व्हिडिओ कोर्टात लावायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल केला तरी बदलणारा तिचा अंक-अक्षरांचा ठसा. आजींच्या बोरमाळेला लाखेचं सील हवं होतं तसं हे व्हिडिओचं सील, असं समज. हे समजून करणारी माणसं लागणार आहेत, ठाण्यातही आणि प्रयोगशाळेतही.

शिवाय १ जुलै २०२४ च्या आधी घडलेले गुन्हे जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालणार. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं कोर्टात एका टेबलावर ३०२ चा खटला असेल आणि शेजारी १०३ चा. गुन्हा तोच, खुनाचा. कुठलंही कॉलेज बघायला गेलीस तर त्यांच्या ग्रंथालयात पाच मिनिटं उभी राहा. नव्या संहितांची पुस्तकं हाताळलेली दिसतात की कपाटात कोरी आहेत, की नाहीतच, यावरून तुला माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

अजून एक गोष्ट सांगते, कारण 'नुसतं शिकून काय होतं' असं घरात कुणीतरी म्हणेलच. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. गप्प राहणं आणि संमती देणं यांतला फरक न्यायालयाला दिसला नाही का, हा त्या पत्राचा गाभा. त्यावरून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं, कडक कलम आलं, आणि तिथं पीडितेनं 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालयानं ते गृहीत धरावं अशी तरतूद झाली. हे करणारे चौघेही शिक्षक होते, त्यांच्या अंगावर खाकी नव्हती. त्यांनी निकालपत्र शब्द न शब्द वाचलं होतं.

म्हणून तुला एक विचारायचं आहे. पत्रात तू 'पीएसआय' लिहिलंस, पण पीएसआय होऊन काय करायचंय ते एकदाही लिहिलं नाहीस. 'पोलीस' पाटी असलेल्या गाडीतून उतरणारी बाई लहानपणी डोळ्यात भरली असेल, तर त्यात काही वाईट नाही, बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते. पण तुला नक्की काय ओढतंय ते शोध. धावपळ, माणसं, रात्रीबेरात्री ठाण्यात आलेल्या बाईचं ऐकून घेणं? की गुन्हा कसा घडला याचा माग काढणं? की कोर्टात उभं राहून भांडणं? की चुकलेल्या पोराला परत वळणावर आणणं? या चारही कामांना समाजात 'पोलीस लाइन' म्हणतात, पण त्यांच्या वाटा बारावीनंतर लगेच वेगळ्या होतात.

पहिल्यासाठी म्हणजे वर्दीसाठी, आणि माप १५७ भरत असेल तर, मी तुझ्या जागी असते तर करमाळ्यात किंवा सोलापुरात साधी बीएस्सी केली असती. आईचं म्हणणंही त्यात बसतं. रोज पहाटे मैदान, संध्याकाळी राज्यसेवेच्या दर्जाचा अभ्यास, आणि वाचलेले ४ लाख पप्पांच्या खात्यात. पोलीस खात्यात निवड झाली की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत कायदा, तपास, न्यायवैद्यक हे सगळं शिकवतातच. त्यासाठी आधी पैसे मोजायची गरज नाही.

दुसरं काम, माग काढण्याचं, तुझ्या सायन्सला सगळ्यात जवळचं आहे. राज्य सरकारच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत, तिथं बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स होतं. केंद्राचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे, त्याची एक शाखा गोव्यात आहे. इथं उंचीची पट्टी आड येत नाही. पण प्रयोगशाळा म्हणजे काय ते आधी समजून घे. टीव्हीवर दाखवतात तसं तिथं कुणी भिंगातून बघून आरोपीचं नाव सांगत नाही. मिठाच्या पाण्यात ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्या, हातभट्टीच्या दारूचे नमुने, रक्ताचे डाग पडलेले कपडे: एकामागून एक, नंबर लावून, सील तपासून, अहवाल लिहून. शांत डोक्याचं, चिकाटीचं काम आहे. मुंबईत कलिना इथं मुख्य प्रयोगशाळा आहे आणि पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर, संभाजीनगर अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथल्या भरतीच्या जुन्या जाहिराती काढ आणि शैक्षणिक पात्रतेची ओळ स्वतः वाच. फॉरेन्सिकची पदवी कुठल्या पदाला चालते आणि केमिस्ट्रीची कुठल्या पदाला, हे आधी बघून मग प्रवेश घे. प्रवेश घेऊन मग जाहिरात वाचणाऱ्या मुलांची मला फार काळजी वाटते.

तिसरी वाट माझी. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, सीईटी देऊन. काही वर्षं वकिली केली की सरकारी अभियोक्त्याच्या परीक्षेला बसता येतं, तीही एमपीएससीच घेते. न्यायाधीश होण्याची वाटही इथूनच जाते. तुझ्यासारख्या पोलीस लाइनीत वाढलेल्या मुलीला ठाण्याची भाषा येते, बारनिशी म्हणजे काय, स्टेशन डायरी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कोर्टात याचा किती उपयोग होतो ते मी पाहिलंय.

चौथ्या वाटेबद्दल गावाकडं फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागं सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही असे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था कुठल्याही पदवीनंतर समाजकार्यात गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाची एमए देते. त्या संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि ठाण्यांत काम करतो. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, याच संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात एक समाजकार्यकर्ती बसलेली, मारहाण सोसून आलेल्या बाईशी बोलायला. आज तसे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, बाल न्याय मंडळावरचे समाजकार्यकर्ते, तुरुंगातले समुपदेशक ही सगळी पदं याच बाजूची. बीएस्सी करूनही तीन वर्षांनी इकडं येता येतं, त्यामुळे ही वाट आज निवडायची गरज नाही. ती आहे एवढं माहीत असू दे.

एवढं सगळं वाचूनही खाजगी कॉलेजातच जायचं मनात असेल तर तिथं प्रत्यक्ष जाऊन विचार. पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे कॉलेज आणि हा अभ्यासक्रम दोन्ही दिसतात का? पूर्णवेळ शिक्षक किती, आणि त्यांच्यातल्या कुणी कधी कोर्टात साक्ष दिली आहे किंवा तपास केला आहे का? मुलांना कोर्टात, प्रयोगशाळेत, तुरुंगात नेतात का, की वर्षातून एकदा ठाण्यासमोर उभं करून फोटो काढतात? मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठं आहेत? या शेवटच्या प्रश्नावर नावं-गावं सांगता आली नाहीत तर मागं फीर.

आता पप्पा.

ते उठून बाहेर जातात, असं तू लिहिलंस. तुला वाटतंय ते हट्टी आहेत. मला वाटतं त्यांना सांगता येत नाहीये. सोलापूर जिल्ह्यात २६ वर्षं नोकरी म्हणजे २६ आषाढी. पंढरपूरच्या बंदोबस्तात पावसात उभं राहून पायाची बोटं पांढरी पडलेले हवालदार मी पाहिले आहेत. प्लास्टिकची पिशवी बुटात घालून ते पुन्हा उभे राहतात. मग गणपती, मग दिवाळी, मग निवडणुका. तुझ्या वाढदिवसाला ते किती वेळा घरी होते? हे त्यांनी मोजलेलं असणार. 'खाकी घालू देणार नाही' असं म्हणताना त्यांच्या डोळ्यासमोर तू बुटात पिशवी घालून उभी असतेस.

त्यांचं म्हणणं चूक नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे ७ आदेश दिले. त्यातला एक असा होता की तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था बघणारे पोलीस वेगळे करा, सुरुवात मोठ्या शहरांपासून करा. म्हणजे तपास हातात असलेल्या माणसाला मिरवणुकीला धाडायचं नाही. इतकी वर्षं झाली, तरी तालुक्याच्या ठाण्यात आजही तोच अधिकारी दिवसा तपास करतो आणि रात्री बंदोबस्ताला उभा राहतो. बोरमाळेचं पाकीट ड्रॉवरमध्ये का राहिलं, त्याचं उत्तर इथं आहे. हा आदेश पप्पांना वाचून दाखव. आपण जे सोसलं ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दिसलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल.

त्यांना समजवायला जाऊ नकोस. त्यांच्याकडून शिकायला जा. 'पप्पा, मला परवानगी द्या' असं म्हटलंस की ते उठून जातील. 'पप्पा, मुद्देमाल जमा करताना रजिस्टरला काय काय लिहायचं असतं?' असं विचारून बघ. त्यांनी ठाणे अंमलदार म्हणून रात्री काढल्या असतील, रायटर म्हणून शेकडो जबाब हातानं लिहिले असतील. घरात कुणी त्यांना त्या कामाबद्दल कधी विचारलंय का? चालू प्रकरणाचं काही विचारू नकोस, ते त्यांनी सांगायचंही नाही. जुनं, निकाल लागलेलं विचार. त्यांनी नीट केलेलं एखादं काम विचार, ज्यात आरोपीला शिक्षा झाली किंवा निरपराध माणूस सुटला. तीन वर्षांच्या त्या डिग्रीत जे शिकवतील त्यातलं निम्मं तुझ्या ओसरीवर बसलेलं आहे.

आणि हे पत्र मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात दोन कामं कर. उंची मोजून घे, सकाळ-संध्याकाळ. दुसरं, करमाळ्याच्या कोर्टात जा. कोर्ट सगळ्यांसाठी खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. साधारण अकराच्या सुमाराला जा, मोबाइल बंद ठेव, डबा घेऊन जा. पुरावा नोंदवायला लागलेलं एखादं फौजदारी प्रकरण असेल तिथं बस. पंच पिंजऱ्यात आला की बघ, त्याला स्वतःची सही ओळखता येते का. तपासी अंमलदाराचा उलटतपास शेवटपर्यंत ऐक, मध्ये उठू नकोस. घरी येऊन रात्री पप्पांना विचार, त्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं.

मग मला पुन्हा लिही. दोन्ही मापं लिही, आणि ते चारातलं कोणतं काम, तेही लिही. फीची पहिली तारीख जवळ आली असेल तरी तोवर पैसे भरू नकोस.